जखमी क्रमांक एक

ती. ताईंना,

पाणीवाल्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच स्वीकारावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात की जिना चढताना कठडा धरावा लागतो. तेव्हापासून तो कठडा माझ्या डोक्यातून जात नाही. भिंतीत पक्का बसलाय ना, ते एकदा कोणाकडून तरी हलवून बघून घ्या. साडूभाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर हे पत्र त्यांनाच वाचू द्या. झालं नसेल तर तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, पण कंस गाळू नका. माझं खरं बोलणं कंसात असतं, असं तुमची धाकटी बहीण म्हणायची.

पत्राला कारण विशेष असं काही नाही. फोनही करता आला असता. पण आपल्या फोनचं कसं होतं, तुम्ही विचारता "जेवलात का?", मी म्हणतो "हो", मग मी विचारतो "तुमचं?", तुम्ही म्हणता "झालं", आणि पुढे दोघंही तिचं नाव टाळत टाळत हवेवर बोलत राहतो. तीन वर्षांत आपण हवेवर इतकं बोललो आहोत की वेधशाळेने आपल्याला नोकरीवर घ्यायला हरकत नाही. म्हणून म्हटलं, या वेळी लिहावं. शिवाय बुधवारी माझ्या बाबतीत जे झालं ते फोनवर सांगण्यासारखं नाही. बुधवारी मी मोडक्या पायाने बेशुद्ध होतो. (घाबरू नका, पुढे वाचा.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी पाणीपुरवठ्यात आहे आणि निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. गेल्या वर्षी वरून हुकूम आला, की पाणी आणि वीज या दोन्ही खात्यांनी मिळून संकटकाळाचा आराखडा करावा. पूर, भूकंप, आग, काहीही झालं तरी नळाला पाणी आणि दिव्याला वीज कशी चालू ठेवायची, ते लिहून काढायचं. आधी एक सल्लागार नेमला. त्याने पंधरा दिवसांत एकशे चाळीस पानांचा ग्रंथ आणून टेबलावर आदळला. त्यात त्सुनामीवर अकरा पानं होती. आमच्या शहरापासून समुद्र रेल्वेने नऊ तासांवर आहे. मोठ्या साहेबांनी ती अकरा पानं स्वतः फाडली आणि उरलेलं बाड माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुम्हीच नीट लिहून काढा. तुम्हाला घरी तसा वेळ असतो." (माणूस वाईट नाही. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला चहा मागवला.)

वेळ असतो हे खरंच आहे. आठ महिने संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून मी आराखडा लिहिला. टेबल चार माणसांचं, त्यामुळे पूर एका बाजूला, आग दुसऱ्या बाजूला, भूकंप तिसऱ्या बाजूला असा ऐसपैस मांडून बसता यायचं. वीज खात्याने त्यांचा भाग पाठवला, त्यात लिहिलं होतं, 'उपकेंद्राला आग लागल्यास पाणी खात्याशी संपर्क साधावा.' आमच्या जुन्या भागात लिहिलेलं होतं, 'पंप बंद पडल्यास वीज खात्याशी संपर्क साधावा.' म्हणजे दोन शेजारी एकमेकांच्या भरवशावर घर उघडं टाकून गावाला गेलेले. ते सगळं मी निस्तरलं. नागरिकांसाठी सूचनाही मीच लिहिल्या. माणशी दिवसाला चार लिटर याप्रमाणे तीन दिवसांचं पिण्याचं पाणी घरात झाकून ठेवावं, ही त्यातली पहिली. दुसऱ्याला सांगायचं आणि स्वतः करायचं नाही, हे बरं नव्हे, म्हणून मी दुकानात जाऊन कॅन घेऊन आलो. घरी येऊन मोजतो तर चोवीस लिटर. दुकानदार म्हणाला होता, "किती माणसांचं?" आणि मी म्हणालो होतो, "दोन." परत करायला गेलो नाही. काय सांगून परत करणार?

तर बुधवारी सराव होता. कल्पना अशी, की सकाळी अकरा वाजता भूकंप झाला, पंपघराची भिंत पडली, एक कर्मचारी जखमी झाला, वीज गेली, आणि मग दोन्ही खात्यांनी काय काय करायचं ते करून दाखवायचं. पाहुणे येणार होते, निरीक्षक येणार होते, अग्निशमनची गाडी येणार होती. भूमिका वाटायला बसलो. घाबरलेला नागरिक व्हायला दहा जण तयार, कारण त्यात नुसतं पळायचं होतं. जखमी व्हायला मात्र कोणी नाही. पाणी सोडणारा चावीवाला म्हणाला, "साहेब, मी हो म्हणेन, पण आईच्या कानावर गेलं तर ती चार दिवस जेवणार नाही. असलं अभद्र सोंग आणायचं नाही म्हणते." भांडारपालाच्या बायकोने तर फोनवरूनच निकाल दिला. क्लार्कची मुलगी रडली. एकेक करून सगळ्यांनी घरच्यांचं नाव पुढे केलं आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे नाव सांगायला कोणी नव्हतं. म्हणालो, "मी होतो जखमी." सगळ्यांना इतका आनंद झाला की मलाही जरा मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं.

माझ्या गळ्यात पुठ्ठा अडकवला: 'जखमी क्र. १. डावा पाय मोडलेला. बेशुद्ध. बोलू नये.' आणि मला पंपघराशेजारच्या व्हॉल्व्हच्या खोलीत नेऊन बसवलं. ही खोली अर्धी जमिनीखाली आहे, सात पायऱ्या उतराव्या लागतात. मध्ये तो मोठा व्हॉल्व्ह, त्याचं बैलगाडीच्या चाकाएवढं चाक, एक बल्ब आणि एक उलटी बादली. बादलीवर मी. वीस मिनिटांत सुटका पथक येऊन मला स्ट्रेचरवर घालणार होतं. पंपचालकालाही घाबरलेल्या नागरिकांत ओढून नेलं. पंप चालू असताना पंपघर सोडायचं नाही असा नियम आहे, मी तसं म्हणालोही. त्यावर मोठे साहेब म्हणाले, "अहो, जखमी तिथेच आहे ना? तो ठेवेल लक्ष."

बसलो. वीस मिनिटं झाली, तीस झाली, चाळीस झाली. बेशुद्ध असल्यामुळे तक्रार करता येत नव्हती. शेजारच्या भिंतीपलीकडून पंपाचा आवाज येत होता, एकसुरी. खरं सांगू का ताई, सुरुवातीला बरं वाटलं. कोणीतरी आपल्याला शोधत येणार आहे, अशी वाट बघत बसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. मी दोनदा केस सारखे केले. एकदा पाय नीट मोडल्यासारखा ठेवला. मग पायरीवर पावलं वाजली असं वाटलं म्हणून डोळे मिटून घेतले, तर ते मांजर होतं. त्याने माझा पुठ्ठा हुंगला आणि तेही निघून गेलं. (तिकडे काय झालं ते मला मागाहून कळलं. पाहुणे उशिरा आले, वेळापत्रक घसरलं, म्हणून कोणीतरी कागदावर 'जखमी रुग्णालयात हलवला, ११.२९' अशी खूण करून टाकली आणि सुटका पथक चहाला गेलं.)

बाराला पाच कमी असताना पंपाचा आवाज थांबला आणि डोक्यावरचा बल्ब गेला.

सरावात वीज जाणार होती ती नुसती कागदावर. पंप बंद करायचे नाहीत, हे मी स्वतः जाड अक्षरात लिहिलं होतं. हे खरं होतं. झालं होतं असं, की अग्निशमनची गाडी फोटोसाठी मागे घेत होते, मागे घेता घेता ती पंपघराला वीज देणाऱ्या लाइनच्या खांबाला टेकली आणि खांब आडवा झाला. पाहुण्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उपकेंद्रात लाइन बंद झाल्याचं दिसलं, पण त्यांच्या कागदावर बाराच्या सुमारास 'पंपघराची लाइन बंद (सराव)' असं होतंच. त्यांनी खूण केली.

आता इथे तुम्हाला थोडं पाणी समजावून सांगतो. आमचे पंप नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवतात. पंप थांबला की वरचं पाणी त्याच पाइपातून खाली धावतं. ते अडवायला पाइपात एक झडप असते, पाण्याला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. आमची झडप दीड महिन्यापासून दुरुस्तीला गेली आहे. (मी तीन पत्रं लिहिली. तुम्हाला हे लिहितोय तशीच, सविस्तर. तिकडून उत्तर नाही.) झडप नसली की पंप थांबताच चालकाने हाताने व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. चालक त्या वेळी मैदानात नागरिक म्हणून घाबरत होता. आणि त्या टाकीच्या पाण्यावर मोठं रुग्णालय चालतं. तिथे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं यंत्राला जोडून रक्त शुद्ध करून घेतात आणि त्या यंत्रांना सतत पाणी लागतं. टाकी तासा-दीड तासात रिकामी झाली असती. भिंतीपलीकडे पंप उलटा फिरायला लागला, किंचाळल्यासारखा.

खोलीत फोन लागत नाही, चौथ्या पायरीवर लागतो. चौथ्या पायरीवर जाऊन मी कंट्रोल रूमला फोन लावला. तिथल्या ऑपरेटर बाई हुशार आहेत, नेमक्या आहेत, आराखडा त्यांना माझ्यापेक्षा पाठ आहे.

"पंप बंद पडलेत," मी म्हणालो, "लाइन गेलीय. माणसं पाठवा."

"साहेब, तुम्ही वाक्याच्या आधी 'सराव सराव सराव' म्हणाला नाहीत."

"सराव नाही हा!"

"आणि साहेब, तुम्ही बेशुद्ध आहात. शिवाय माझ्याकडे तुम्ही साडेअकराच्या आधीच रुग्णालयात पोचलाय." मग आवाज हळू करून म्हणाल्या, "निरीक्षक इथेच उभे आहेत, साहेब. आपले मार्क जातील."

ताई, चूक त्यांची नव्हती. सरावात काय म्हणायचं ते मी दोन पानं भरून लिहिलं होतं. खरं असेल तर काय म्हणायचं, ते लिहायचंच राहून गेलं होतं.

मी खाली धावलो आणि चाक धरलं. पूर्ण बंद व्हायला एकशे बत्तीस फेरे लागतात. हे काम दोन धडधाकट माणसांचं. पाच फेऱ्यांत माझा दम गेला, नवव्याला कमरेत कळ आली. वर कोणी दिसतंय का बघायला बाहेर आलो, तर पंपघराच्या दारात एक बाई, पाठीला सॅक, हातात वीज खात्याचं मशीन. मीटरचं रीडिंग घ्यायला आल्या होत्या. सरावाचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी ओरडत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे माझ्या गळ्यातला पुठ्ठा वाचला.

"बोलू नये लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"बाई, ते खोटं आहे! हे खरं आहे!"

"कुठलं खरं?"

तेवढ्यात पंपघराखालचा हौद भरून वाहिला आणि पाणी त्यांच्या पायापर्यंत आलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, चपला काढून खिडकीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "काय फिरवायचंय ते दाखवा."

मी एका बाजूने, त्या दुसऱ्या बाजूने. त्या मोठ्याने फेरे मोजत होत्या. साठाव्याला थांबून त्यांनी विचारलं, "तुमची माणसं कुठेत?" मी म्हणालो, "चहाला." "आणि आमची?" "तीही." त्या इतक्या जोरात हसल्या की पुढचे दहा फेरे सोपे गेले. शंभरीपाशी चाक जड झालं. माझ्या मनगटात काहीतरी कट्‌ झालं. मी बोललो नाही. (बेशुद्धच होतो.) एकशे बत्तिसाव्याला पंपाची किंचाळी बसत गेली आणि थांबली. तिथे अंधारात आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. बाईंनी सॅकमधून पाण्याची बाटली काढली, आधी माझ्यापुढे धरली.

पाणी अडलं, पण वीज यायला हवी होती. टाकीत राहिलेलं पाणी रुग्णालयाला फार तर चार-पाच तास पुरलं असतं. मी पुन्हा फोन लावायला निघालो, तर बाई म्हणाल्या, "थांबा, तुमचं कोणी ऐकणार नाही. मी लावते." लाइन दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम त्यांचा दीर निघाला. तोसुद्धा आधी सराव, सराव करायला लागला. बाईंनी आवाज चढवला:

"भाऊजी, मुकादम नंतर व्हा, आधी दीर व्हा! आईंची शपथ घेऊन सांगते, खरा खांब पडलाय. मी अनवाणी पाण्यात उभी आहे. येता का मी येऊ तिकडे?"

सतरा मिनिटांत टोळी आली. आराखड्यात तीस मिनिटं धरलेली आहेत. तीन तासांत खांब उभा राहिला, लाइन जोडली, पंप सुरू झाले, आम्ही व्हॉल्व्ह उघडला. रुग्णालयात एक थेंबही कमी पडला नाही. मी संध्याकाळी उगाचच तिथून चालत गेलो. बाहेरच्या बाकावर एक आजोबा दंडाला पट्टी लावून रिक्षाची वाट बघत बसले होते. मला वाटलं, सांगावं. काय सांगणार? जे झालंच नाही ते? आमच्या कामाचं हेच आहे, नीट झालं की काही झालेलं नसतं. मी त्यांना "बरं आहे ना?" विचारलं. ते म्हणाले, "बरं आहे." तेवढंच.

ऑफिसात हजेरीपटावर दुपारनंतर माझी अर्धी रजा लागली आहे, कारण कागदोपत्री मी रुग्णालयात होतो. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि दोन्ही हात धरून आभार मानले. पण अहवालात 'जखमीने व्हॉल्व्ह बंद केला' असं लिहिता येत नाही, असंही म्हणाले. सरावाला शंभरात ब्याण्णव मार्क पडले. मीटरवाल्या बाईंना मी आभाराचं पत्र लिहून त्यांच्या साहेबांकडे दिलं आहे. त्यांच्या चपला खिडकीतच राहिल्या होत्या, त्याही पोचवल्या.

असो. इकडे सर्व क्षेम आहे. कंटाळा येईपर्यंत लिहिलं, माफी असावी. साडूभाऊंना नमस्कार सांगा आणि ऑपरेशननंतर काळा चष्मा लावायचा आळस करू देऊ नका.

आपला,
पाणीवाला

ता. क. मनगटाला पट्टी आहे, पण ते डावं. अक्षर वाईट आहे ते माझं नेहमीचंच.

ता. क. दुसरा. अहवालातले आठ मार्क कशाला गेले, ते लिहायचं राहिलं. आराखड्याच्या एकतिसाव्या पानावर मीच लिहिलं आहे, की जखमीच्या घरी तात्काळ कळवावं. ऑपरेटर बाईंनी माझं कार्ड काढून त्यावरचा नंबर लावला. कार्ड नऊ वर्षांपूर्वी भरलेलं. 'संकटात कोणाला कळवावे' यापुढे तुमच्या धाकटीचं नाव आणि आमचा घरचा फोन. बाई या खात्यात नव्या आहेत, त्यांना ठाऊक नव्हतं. साडेअकरापासून चारपर्यंत त्या दर पंधरा मिनिटांनी नंबर फिरवत राहिल्या. घरी पोचलो तेव्हा शेजारच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, तुमचा फोन दिवसभर नुसता वाजत होता. कोणी उचलत कसं नाही?" नोंदवहीत लिहिलं आहे, 'नातेवाइकांशी संपर्क झाला नाही. प्रयत्न चालू.' गुरुवारी बाईंना कोणीतरी सांगितलं, तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी येऊन रडल्या. मीच त्यांना चहा पाजला.

ता. क. तिसरा. नवीन कार्ड सोमवारपर्यंत द्यायचं आहे. एक नाव, एक नंबर आणि 'नाते' असा अर्ध्या इंचाचा रकाना. ताई, तुमचं नाव लिहिलं तर चालेल का? तुम्हाला करायचं काहीच नाही, इतक्या लांबून करणार तरी काय. फक्त कोणी विचारलं तर ओळखते म्हणायचं. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचलं नाही. आपल्यामधलं माणूस गेल्यावर उरलेल्यांना काय म्हणतात, ते कोणाला विचारायचं तेही कळेना. तुम्ही म्हणाल ते लिहीन. नको म्हणालात तरी मनात काही आणणार नाही, ऑफिसचाच नंबर टाकीन. तूर्त पेन्सिलीने तुमचं नाव लिहून ठेवलं आहे. खोडता येतं.